नेच्याची ‘नवी प्रजाती’ नेमकी ठरते कशावर?

ओलाकातळ

एम.एस्सी.चा प्रकल्प नेच्यांवर (फर्नवर) आहे, म्हणून आशियातल्या जंगलांतून अलीकडे वर्णन झालेल्या किंवा नव्याने तपासलेल्या नेच्यांवरचे शोधनिबंध वाचतोय. दक्षिण चीनमधल्या चुनखडीच्या गुहांतली पोलिस्टिकम (फेंगशानेन्स, स्पेलुंकिकोला), जावातल्या हालिमुन डोंगरावरचं आस्प्लेनियम निडस, आपल्या शेजारच्या डांगमधलं जेमतेम एक सेंटिमीटरचं ओफिओग्लोसम माल्विए (२०१८). वर्णनं समजतात, पण निर्णय कसा झाला ते समजत नाही. एकाच ओढ्याकाठी एकाच नेच्याची पानं कुठे वीतभर, कुठे हातभर असतात; कुठे जास्त कापलेली, कुठे कमी. मग हा फरक प्रजातीचा आणि तो नुसता जागेचा, हे ठरवायचं कसं? डीएनए वेगळा आला की काम झालं असं समजायचं का? आणि नमुना गोळा करतानाच काय काय घ्यायला हवं, म्हणजे नंतर अडत नाही? नाव देण्याचे नियम कोणी थोडक्यात सांगितले तर तेही हवेत.

बीजाणू६४

पानाची लांबी आणि कापलेपणा हा नेच्यांमधला सगळ्यांत बेभरवशाचा पुरावा. उजेड, ओल आणि झाडाचं वय या तिन्हींनी तो बदलतो. त्यात नेच्यांची एक खोड अशी की काही जातींत अर्धवट वाढलेल्या झाडालाही सोरस (पानाखालचे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके) धरतात. त्यामुळे ‘सोरस आहेत म्हणजे झाड पूर्ण वाढलेलं’ हा हिशेब चुकतो. गुहेच्या तोंडाशी उभं राहून आत बघत गेलं तर एकाच जातीचं पान आतआत लहान आणि साधं होत गेलेलं दिसू शकतं. हे बारकं रूप तेवढं उचलून आणलं तर ते हमखास नवीन वाटतं.

‘नवी प्रजाती’ म्हणण्याआधी पाच संशयित बाद करावे लागतात: कोवळं झाड, सावलीतलं किंवा खुरटलेलं रूप, संकर, अपोगॅमीने (फलनाशिवाय) वाढणारी एखादी ओळ, आणि दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी वेगळ्याच वंशात वर्णन करून ठेवलेली जुनी प्रजाती. माझ्या मते शेवटचा संशयित सगळ्यांत जास्त वेळा दोषी निघतो.

हे बाद झाल्यावर लक्षणं बघायची ती साधारण खालून वर.

ऱ्हायझोम (जमिनीलगतचं खोड) उभा आहे की सरपटणारा? हेच पहिलं वळण. हायमेनास्प्लेनियम आणि आस्प्लेनियम हे दोन वंश वरून सारखे दिसतात. पण हायमेनास्प्लेनियमचा ऱ्हायझोम आडवा सरपटतो आणि त्याला वरची-खालची बाजू स्पष्ट असते. गुणसूत्रांचा मूळ आकडाही वेगळा: आस्प्लेनियममध्ये ३६, हायमेनास्प्लेनियममध्ये ३८ किंवा ३९. ऱ्हायझोमशिवाय आणलेलं पान इथेच अडकतं.

मग खवले. ते ऱ्हायझोमच्या वाढत्या टोकावरचे घ्या, कारण जुन्या खवल्यांच्या कडा झिजलेल्या असतात आणि ‘कड अखंड’ अशी चुकीची नोंद होते. ग्लिसरीनमध्ये ठेवून ४० आणि १०० पटीत बघा: पेशींच्या भिंती जाड होऊन जाळी दिसते का (आस्प्लेनियम, लेपिसोरस), कडेला दात किंवा ग्रंथी आहेत का, रंग एकच की मधला पट्टा गडद, खवला कडेने चिकटलाय की मध्यावर. पोलिस्टिकममध्ये देठावरचे मोठे खवले आणि पर्णिकेच्या खालच्या बाजूचे सूक्ष्म खवले अशा दोन वेगळ्या नोंदी करायच्या. गुहांतल्या ज्या पोलिस्टिकमांबद्दल तुम्ही विचारलंत, त्या गटात पान एकदाच विभागलेलं असतं. म्हणजे पानाच्या ठेवणीत सांगण्यासारखं मुळातच थोडं. म्हणून तिथे सूक्ष्म खवले, बीजाणूंचं आवरण आणि डीएनए यांच्यावर भार पडतो.

सोरस: मध्यशिरेपासून किती अंतरावर, शिरेच्या टोकाला की मध्ये, आणि इंड्युझियमचा (सोरसवरच्या पातळ पडद्याचा) आकार. पोलिस्टिकममध्ये ते गोल, मध्यावर देठ असलेलं, ड्रायोप्टेरिसमध्ये मूत्रपिंडासारखं, आस्प्लेनियममध्ये लांबट पट्टी, डिप्लाझियममध्ये काही सोरस एकाच शिरेवर पाठीला पाठ लावून. पिकलेल्या पानावर इंड्युझियम आक्रसतं किंवा गळतं. ‘इंड्युझियम नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी त्याच झाडाचं कोवळं फलित (सोरस धरलेलं) पान बघितलेलं असलं पाहिजे. या एका वाक्याने बऱ्याच झाडांना चुकीच्या वंशात पाठवलंय.

आता बीजाणू. न फुटलेली पिकलेली एक बीजाणुधानी (बीजाणूंची पिशवी) सुईने उचलून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिपने हलकेच दाबून फोडा आणि मोजा. बहुतेक नेच्यांत ६४ भरतात. सारखे, टपोरे ३२ भरले तर अपोगॅमीचा संशय घ्या: तिथे अर्धसूत्रणाच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) आधीचं एक विभाजन फसतं, १६ ऐवजी ८ मातृपेशी उरतात आणि गुणसूत्रं न घटलेले ३२ बीजाणू तयार होतात. हा नियम सरसकट लावू नका. सेराटोप्टेरिसमध्ये लैंगिक प्रजातींतही ३२ किंवा १६ असतात. बीजाणू सुरकुतलेले, काळपट, लहानमोठे असतील तर संकर समजून चला, पण निदान तीन झाडांवर तेच दिसलं पाहिजे. पावसाने अचानक दडी मारली की चांगल्या झाडाच्या एखाद्या पानावरचे बीजाणूही पोचट राहतात.

मापं किमान ३० बीजाणूंची घ्या, बाहेरचं आवरण सोडून. कशात बुडवून मोजले तेही लिहा, कारण ग्लिसरीन जेलीत बीजाणू फुगतात आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना फसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बीजाणू कोरडे, प्रक्रिया न करता द्या. परागांसाठी वापरतात ती अॅसेटोलिसिसची आम्ल-प्रक्रिया बाहेरचं आवरण खराब करू शकते, आणि नेच्यांत ओळख पटवणारं नक्षीकाम बहुधा त्याच आवरणावर असतं. ओफिओग्लोसम माल्विएच्या वेळीही बीजाणूंची अशी तपासणी झाली होती. सेंटिमीटरभर झाडात पानाचा आकार सांगून किती सांगणार?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. फरक प्रजातीचा आहे हे एका लक्षणावर ठरत नाही. एकमेकांशी संबंध नसलेली दोन-तीन लक्षणं (खवल्याची कड, सोरसची जागा, बीजाणूंचं आवरण) जोडीने बदलली पाहिजेत, आणि दोन्ही रूपं शेजारी-शेजारी वाढत असतानाही मधली रूपं सापडता कामा नयेत. शेजारी वाढणं ही सर्वांत कडक कसोटी, कारण उजेड, ओल, दगड सगळं सारखं असूनही फरक टिकलेला असतो. जावाच्या कामाचं वजन इथेच आहे. हालिमुनच्या एकाच जंगलात आस्प्लेनियम निडसचे हरितलवकातल्या आरबीसीएल जनुकानुसार तीन प्रकार मिळाले आणि त्यांच्यात प्रजननाचा अडसर असल्याचा पुरावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनच्या गुहांत ही सोय नाही. एक जात या गुहेत, तिची जवळची बहीण भलत्याच गुहेत; दोघी कधी शेजारी येतच नाहीत. तिथे मग दोन्हींचे ऱ्हायझोम एकाच जागी, सारख्या उजेडात लावून नवीन आलेली पानं ताडून बघणं एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. तो फारसा कोणी अवलंबत नाही, हे माझं जुनं दुखणं.

हर्बेरियम_कोपरा

वरचं सगळं बरोबर, पण नमुनाच धड नसेल तर यातलं निम्मं तपासता येत नाही. गोळा करण्यापुरतं सांगतो.

झाड पूर्ण: ऱ्हायझोम, देठाचा तळ, वांझ पान, फलित पान. देठाचा तळ तोडून आणू नका, महत्त्वाचे खवले तिथेच असतात. वस्ती मोठी असेल तर एकाच वेळी, एकाच जागचे पाच-सहा संच. मूळ नमुना एका ठिकाणी, जोडनमुने बाकी हर्बेरियमना (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहांना). वस्ती लहान असेल तर २० झाडांमागे १, त्याहून जास्त नको, हा क्षेत्रकामातला जुना दंडक. गुहेत डझनभरच झाडं असतील तर एक फलित पान, ऱ्हायझोमचं खवल्यांसकट छोटं टोक आणि भरपूर फोटो एवढ्यावर थांबा.

झाडावर असतानाच लिहायच्या गोष्टी: देठाचा ताजा रंग, पानाचा पोत, पानावर कोंब धरतो का आणि नेमका कुठे, दगड कोणता (बेसाल्ट, जांभा, चुनखडी), ओल, सावली, समुद्रसपाटीपासून उंची, अक्षांश-रेखांश. आस्प्लेनियम निडसच्या गटात पानाची मध्यशीर खालून गोल आहे की नावेच्या तळासारखी कणा काढलेली, हे फार महत्त्वाचं. दाबल्यावर ती चपटी होते आणि मग कोणालाच सांगता येत नाही. ताज्या शिरेचा आडवा छेद घेऊन पट्टीसह फोटो काढून ठेवा.

दाबताना दोन-तीन पर्णिका उलट्या करा, म्हणजे वरची-खालची दोन्ही बाजू कागदावर दिसतात. आपल्याकडचा हर्बेरियमचा कागद २८ × ४२ सेंमी. त्याहून लांब पान इंग्रजी व्ही किंवा एनच्या आकारात दुमडायचं, कापायचं नाही. वृक्षनेच्यांत ते शक्य नसतं: देठाचा तळ, पानाच्या मधली एक पूर्ण पर्णिका आणि शेंडा असे तीन तुकडे, आणि पानाची एकूण लांबी व पर्णिकांच्या जोड्या वहीत.

सह्याद्रीत नेचे जून ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन ओलीत. पहिला कागद तीन-चार तासांनी बदला, नंतर रोज. उशीर केला तर बुरशी येते आणि पर्णिका दांड्यापासून सुटतात. हंसराजाचं तर हमखास. ड्रायर असेल तर ४५–५० अंश सेल्सिअस पुरे. हायमेनोफायलमसारखे पारदर्शक नेचे जागेवरच दाबा, घरी आणेपर्यंत त्यांची गुंडाळी होते.

याशिवाय तीन पुड्या वेगळ्या. पिकलेल्या सोरसांचा तुकडा कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नाही, नाहीतर बुरशी बीजाणूंसकट सगळं खाते. कोवळ्या, निरोगी पानाचा २–३ चौरस सेंमी तुकडा सिलिका जेलमध्ये, जेल पानाच्या वजनाच्या निदान दहापट, आणि निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदला. कोवळे, फिकट हिरवे सोरस गुणसूत्रांसाठी १:३ अॅसेटिक आम्ल-अल्कोहोलमध्ये २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजला. सोरस तपकिरी झाले की अर्धसूत्रण होऊन गेलेलं असतं; मग बाटलीला नुसतं लेबल उरतं. चारही गोष्टींवर एकच संग्रह-क्रमांक, आणि तो पेन्सिलीने. अल्कोहोलमध्ये पेन वाहून जातं.

घाटवाट

डीएनएबद्दल. वेगळा आला म्हणजे काम झालं, असं नाही. सारखा आला म्हणजे काम संपलं, असंही नाही.

नेच्यांत सर्रास वापरतात ते आरबीसीएल, ट्रनएल-एफ, आरपीएस४-ट्रनएस हे सगळे हरितलवकातले भाग. हरितलवक नेच्यांत सर्वसाधारणपणे आईकडून येतं. त्यामुळे संकराचा डीएनए-क्रम आईशी तंतोतंत जुळतो आणि बाप दिसतच नाही. दोन जातींच्या संकरातून गुणसूत्रं दुप्पट होऊन झालेली, सुपीक, स्वतंत्र प्रजाती असेल तीही हरितलवकात आईच दिसते. म्हणजे क्रम एकच आणि प्रजाती दोन. उलटही होतं: एका प्रजातीच्या दोन दूरच्या वस्त्यांत हरितलवकाचे दोन प्रकार असतात आणि मधल्या वस्त्यांचे नमुने घेतलेले नसले की फाट्यावर फाटा दिसतो. ‘इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ असा आकडा नेच्यांसाठी नाही.

केंद्रकातलं एखादं जनुक सोबत हवंच. पीजीआयसी किंवा गॅपसीपी वापरतात. संकर असेल तर क्रमाच्या आलेखात जागोजागी दुहेरी टोकं दिसतात. मग क्लोनिंग करून दोन्ही प्रती वेगळ्या करायच्या आणि प्रत्येक प्रत कोणत्या पालकाशी जुळते ते बघायचं. आयटीएस हा केंद्रकातलाच भाग नेच्यांत फार कोणी वापरत नाही, एकाच झाडात त्याच्या वेगवेगळ्या प्रती निघतात. मॅटके जनुकाचे फुलझाडांसाठीचे प्रायमर नेच्यांत बहुधा चालत नाहीत, त्यात रसायनं वाया घालवू नका.

प्रत्यक्षात घोळ होतात ते असे. पानावर शेवाळ किंवा दुसऱ्या नेच्याचं कोवळं युग्मकोद्भिद (बीजाणूतून उगवणारं बारकं रोप) चिकटलेलं असतं आणि त्याचाच क्रम येतो. पान ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. नेच्यांत टॅनिन आणि चिकट शर्करा भरपूर. डीएनए काढायच्या सीटॅब पद्धतीत २ टक्के पीव्हीपी (टॅनिन बांधून ठेवणारं रसायन) आणि थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घातलं नाही तर डीएनए तपकिरी येतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) चालत नाही. सर्वांत वाईट म्हणजे जेनबँक या डीएनए-क्रमांच्या खुल्या साठ्यातल्या चुकीच्या नावाच्या क्रमाशी तुलना. ज्या क्रमामागे हर्बेरियममधला नमुना सापडत नाही, तो आधार म्हणून वापरू नका. जवळच्या प्रजातीचा क्रम शक्यतो तिच्या मूळ स्थळाच्या आसपासच्या झाडाचा हवा.

एका बाबतीत @बीजाणू६४ यांच्याशी मतभेद. शेजारी लावून पाहणं उत्तम, पण त्यात वर्षं जातात, आणि गुहेतली झाडं बाहेर जगतीलच असं नाही. खाणीच्या तोंडावर असलेल्या गुहेतल्या नेच्याने तेवढं थांबावं असं मला वाटत नाही. पुरावा तीन बाजूंनी जुळत असेल तर नाव द्यावं, उणीव निबंधात लिहावी.

बीजाणू६४

@घाटवाट, उणीव लिहिली तर हरकत नाही. ती लिहीत नाहीत, हीच तक्रार आहे. आणि घाईने दिलेल्या नावांचं काय होतं ते आपण बघतोच. चीनचे छिंग रन-छांग (१८९८–१९८६) नेच्यांचे फार मोठे अभ्यासक, वर्गीकरणाला त्यांनी दिशा दिली. पण प्रजातींच्या बाबतीत हात सैल, त्यांनी दिलेली कितीतरी नावं पुढे दुसऱ्या नावांत विलीन झाली. उलट टोकाला फ्रेझर-जेंकिन्स: भारतीय उपखंडातली नावं त्यांनी धडाधड एकत्र केली, त्यातली काही पुन्हा वेगळी काढावी लागतील असं मला वाटतं. एकच हर्बेरियम कागद दोघांच्या हातात दिला तर दोन नावं मिळतील. म्हणून निबंधात मापं, झाडांची संख्या आणि नमुन्यांचे क्रमांक हवेत, म्हणजे वाचणारा स्वतः ठरवू शकतो.

ओलाकातळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक पोटप्रश्न, अगदी घरचा. आपल्याकडच्या हंसराजाच्या (आडियांटम फिलिपेन्स) बाबतीत एकाच दरडीवर दोन रूपं शेजारी दिसतात: एकाच्या पर्णिकेची कड जवळजवळ अखंड, दुसऱ्याची खोल कापलेली. मधली रूपं फारशी नाहीत. वरच्या कसोटीने हा फरक प्रजातीचा ठरतो का?

बीजाणू६४

इथेच ती कसोटी फसवते, बरं झालं विचारलंत. शेजारी वाढूनही न मिसळणं हा पुरावा तेव्हाच, जेव्हा दोघांत मिसळण्याची सोय असते. हंसराज आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) आणि अपोगॅमीने वाढणारा आहे. त्याच्या बीजाणूंतून फलनाशिवाय थेट आईचीच प्रत उगवते. त्यामुळे कड कापलेली एक ओळ आणि अखंड कडेची दुसरी ओळ एकाच दरडीवर वर्षानुवर्षं न मिसळता राहू शकतात. प्रत्येक ओळीला नाव द्यायला बसलात तर घाटागणिक प्रजाती होतील.

आधी दोन्ही रूपांच्या पाच-पाच झाडांच्या बीजाणुधान्यांतले बीजाणू मोजा. दोन्हींत ३२ असतील तर प्रकरण तिथेच मिटवायला हरकत नाही. एकात ६४ आणि दुसऱ्यात ३२ निघाले तर मात्र बघण्यासारखं आहे, कारण भारतातून या गटात द्विगुणित, त्रिगुणित, चतुर्गुणित असे तिन्ही प्रकार नोंदवलेले आहेत, आणि आडियांटम लुन्युलाटम हे फिलिपेन्सपासून वेगळं मानावं की नाही यावर जुना वाद आहे. गुणसूत्रं मोजण्याआधी स्वस्तातली चाचणी: पर्णिकेच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या, वाळल्यावर चिकटपट्टीने सोलून काढा आणि पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींची लांबी मोजा. गुणसूत्रांचे संच वाढले की पेशी सहसा मोठी होते. हा नुसता इशारा, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे कोवळ्या सोरसांतली मोजणी. आडियांटमचा मूळ आकडा ३०.

आणि दोन्ही रूपांचे ऱ्हायझोम एकाच मातीत एक पावसाळा वाढवा. हंसराजाच्या कडेचा कापलेपणा वयानुसारही बदलतो. पहिली दोन-तीन पानं मोजायची नाहीत.

हा वंश कामाला लावणारा आहे, निराश होऊ नका. आडियांटम कॉडाटम या एका नावाखाली गोळा झालेल्या ढिगातून घटक यांनी १९६३ मध्ये आडियांटम मलेशियानम आणि आडियांटम इंडिकम वेगळ्या काढल्या, आणि या गटाच्या अभ्यासात गुणसूत्रांचा मोठा वाटा होता.

अनघा

नियमांचं मी सांगते, इथे चांगली कामं क्षुल्लक कारणांनी अवैध ठरतात.

आधी नाव घेतलेलं नाही ना ते बघा: आयपीएनआय, ट्रॉपिकोस, प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन. पण नुसत्या याद्या पुरत नाहीत. भारतीय नेच्यांसाठी बेडम आणि क्लार्क यांची एकोणिसाव्या शतकातली कामं उघडावीच लागतात आणि मूळ नमुन्यांच्या प्रतिमा डोळ्यांखालून घालाव्या लागतात. वॉलिचच्या यादीत (१८२८–१८४९) दिसणारी बरीच नावं वर्णनाशिवाय छापलेली, म्हणून नियमाने ग्राह्य नाहीत. पण त्या क्रमांकाच्या नमुन्यावर नंतर दुसऱ्या कोणी वर्णन लिहिलेलं असू शकतं.

वर्णन किंवा निदान (जवळच्या प्रजातींपासूनचा फरक सांगणारा मजकूर) लॅटिन अथवा इंग्रजीत, ही मुभा १ जानेवारी २०१२ पासून. त्याच दिवसापासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या ऑनलाइन पीडीएफमधलं प्रकाशनही चालतं. प्रबंधात, पोस्टरवर किंवा परिषदेच्या सारांशात नाव आधी फोडू नका. ते बहुधा वैध प्रकाशन ठरत नाही, नुसता गोंधळ मागे राहतो.

होलोटाइप (नावाला आधार देणारा मूळ नमुना) एकच: एक नमुना, एका संग्रहातला, एका हर्बेरियममध्ये. निबंधात ‘होलोटाइप’ किंवा ‘टाइप’ हा शब्द आणि हर्बेरियमचं नाव छापलेलं हवं. १९९० पासून हे बंधनकारक आहे. सप्टेंबरमधलं फलित पान आणि जुलैमधला ऱ्हायझोम असे दोन संग्रह मिळून होलोटाइप केला तर नाव अवैध. आपल्याकडचे विद्यार्थी हमखास इथे अडकतात, कारण एका फेरीत सगळे भाग मिळत नाहीत. पूर्ण असलेला संग्रह होलोटाइप करा, बाकीचे ‘इतर तपासलेले नमुने’ म्हणून द्या. नुसता फोटो होलोटाइप म्हणून चालत नाही.

नावाचं लिंग वंशाप्रमाणे. आस्प्लेनियम, पोलिस्टिकम, आडियांटम, अॅथिरियम नपुंसकलिंगी, तिथे शेवट ‘-एन्स’. टेरिस आणि ड्रायोप्टेरिस स्त्रीलिंगी, तिथे ‘-एन्सिस’. पुरुषाच्या नावावरून बहुधा ‘-इ’, स्त्रीच्या नावावरून ‘-ए’. चुकलं तर नाव अवैध होत नाही, शेवट दुरुस्त होतो, पण संपादक आधी तेवढंच बघतात.

निदानात जवळच्या दोन-तीन प्रजातींशीच तुलना करा, पंधरा नव्हे. तक्त्यात प्रत्येक लक्षणासमोर किमान–कमाल माप आणि किती झाडांवर मोजलं तो आकडा. ‘मोठे’, ‘बारीक’, ‘दाट’ असे शब्द तक्त्यात आले की परीक्षक परत पाठवतात, आणि योग्यच करतात.

कायद्याचं: २००२ च्या जैवविविधता कायद्यातलं कलम ३९ सांगतं की नवीन प्रजाती सापडली तर नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवावं आणि नमुना तिथे जमा करावा. वनखात्याची परवानगी जाण्याआधी, अभयारण्य असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची. परवानगीचा क्रमांक निबंधात हल्ली मागतात. परदेशातल्या जंगलात काम करणाऱ्यांनी मूळ नमुना त्या देशातल्या हर्बेरियममध्ये ठेवावा. इंडोनेशियात हर्बेरियम बोगोरिएन्समध्ये, चीनमध्ये बीजिंग किंवा कुनमिंगला.

घाटवाट

अनघाताईंच्या यादीत एक भर. एकाच गुहेत सापडली म्हणून लगेच ‘अतिसंकटग्रस्त’ लिहून टाकू नका. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषात २ × २ किमीच्या चौकोनांनी व्याप्त क्षेत्र मोजतात आणि १० चौ. किमीपेक्षा कमी भरलं तरी तेवढ्याने भागत नाही. वस्ती एकाच ठिकाणी किंवा तुटक आहे, सतत घटतेय, तीव्र चढउतार होतायत, यांतल्या निदान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. आसपासच्या गुहा, ओढे शोधलेच नसतील तर ‘अपुरी माहिती’ हीच खरी वर्गवारी.

आणि अक्षांश-रेखांश. होलोटाइपच्या लेबलावर पूर्ण अचूक, छापील निबंधात मिनिटापर्यंतच, सेकंद नकोत. पोलिस्टिकमसारखे शोभेचे नेचे आणि वृक्षनेचे उपटून विकणारे लोक निबंध वाचतात.

हर्बेरियम_कोपरा

लेबलावर पूर्ण अचूक ठेवलंत तर हर्बेरियमला आधीच सांगून ठेवा. आता कागदांचे फोटो ऑनलाइन चढतात आणि लेबल सगळ्या जगाला वाचता येतं. अशा नमुन्यांचं लेबल झाकून फोटो घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही.